फळी छातीखाली घे

आमच्या घरात चुलीसमोरच्या भिंतीवर दोन लांब लाकडी पट्ट्या टांगलेल्या असत. माणसापेक्षा उंच, चार बोटं रुंद, पुढचं टोक वर वळवलेलं आणि मध्ये चामड्याचे पट्टे. घरात नवं माणूस आलं की हमखास विचारायचं, "ही कसली वल्ही?" त्यावर आई चिडायची. "वल्ही न्हायत ती. माज्या पोराच्या फल्या हायेत, बर्फावरच्या," असं म्हणून ती पदरानं त्या पुसायला लागायची. आईचा मुलगा गेला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुठं आणि कसा गेला हेही ठाऊक होतं. तो माझ्यामुळे गेला हे मात्र मला एकटीला ठाऊक होतं.

ते मी आता लिहून टाकते. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती माणसं आता राहिली नाहीत, आणि माझ्या पोटात ते फार वर्षं राहिलं.

आमचं गाव रेवसच्या धक्क्यापासून कोसभर आत, खाडीच्या काठावर. समुद्र दिवसातून दोनदा आम्हाला सोडून लांब निघून जायचा आणि मागे चिखल ठेवायचा. मुंबईच्या माणसाला चिखल म्हटलं की पायाला लागतो तो आठवतो. आमचा चिखल माणूस गिळतो. त्यात निवटे नावाचे बोटभर मासे उड्या मारत असतात, बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, असतात, पण त्या धरायला पायांनी जाता येत नाही. त्यासाठी फळी लागते. डावा गुडघा फळीवर टेकायचा, दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि उजव्या पायानं चिखल मागे ढकलायचा. एकदा जमलं की फळी अशी सुटते की कानात वारा भरतो. खाडीचा काठ उतरता होता, तिथून खाली सोडली तर पाय मारायचीही गरज पडत नसे.

माझ्या भावाला फळी मी शिकवली. तो माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. बा होडीवर, आई पाटी घेऊन बाजारात, त्यामुळे त्याला सांभाळायचं काम माझं. मी ते मनापासून करत होते असं नाही. मी तापट होते, आताही आहे, आणि तो प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारा. तो "का?" म्हणाला की माझा हात उठायचा.

तो सात-आठ वर्षांचा असताना एकदा त्याची फळी उलटली आणि तो मांड्यांपर्यंत आत गेला. घाबरून हातपाय झाडायला लागला, तसा कमरेपर्यंत गेला. मी माझी फळी त्याच्याकडे रेटली आणि ओरडले, "धडपडू नको! फली छातीखाली घे, हात पसर, पडून राहा!" तो ऐकेना. मग मी त्याच्या एक थोबाडीत दिली. तेव्हा कुठं तो पालथा पडला. माझ्या फळीची एक कड त्याच्या छातीखाली, दुसरी माझ्या, असे आम्ही दोघं भरतीची वाट बघत पडून राहिलो. ऊन पाठीवर भाजत होतं आणि नाकाशी निवटे नाचत होते. शेवटी पाणी आलं, चिखल सैल झाला आणि समुद्रानं आम्हाला अलगद उचललं.

घरी जाताना तो म्हणाला, "ताय, आता कवाच धडपडनार न्हाय."

"तीनदा बोल," मी म्हटलं.

तो तीनदा बोलला. आमच्यात तेव्हापासून ती रीतच पडली. मोठी शपथ असली की तीनदा बोलायची.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गावात फळ्यांची शर्यत असायची. जाळी बांधायचे खुंट चिखलात रोवलेले असत. पहिल्या खुंटाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, असं वळत वळत खाडीच्या तोंडाशी पोचायचं. एखादा खुंट सुटला तर मागे जाऊन तो घ्यायचा. बक्षीस म्हणजे एक नारळ, पण त्या नारळासाठी मोठमोठे बाप्ये वर्षभर एकमेकांशी बोलत नसत. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत त्यात उतरत होते आणि दोनदा नारळ घरी आणला होता. मग माझं लग्न ठरलं आणि आईनं माझी फळी भावाला देऊन टाकली. माझं सासर तिथंच, चार घरांवर. त्या वर्षी माझ्याच फळीवरून भावानं नारळ जिंकला आणि मला आणून दिला. मी तो घेतला नाही. मला इतका राग आला होता.

मिठाचा सत्याग्रह होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हा एक गोरा लष्करी साहेब थंडीत बदकं मारायला खाडीत आला. पडलेलं बदक उचलायला तो होडीतून खाली उतरला. होडीवाला नको नको म्हणत होता, पण साहेबाला कोण सांगणार? एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला त्यानं दुसरा मारला, तोही गेला. मग त्यानं हातपाय झाडायला सुरुवात केली. मी काठावर बोंबील वाळत घालत होते. माझं काम राहिलं बाजूला, मी पोट धरून हसत बसले. कमरेपर्यंत रुतलेला, लालबुंद झालेला, बंदूक डोक्यावर धरलेला साहेब मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

भाऊ फळीवरून सुटला. खुंटांमधून वळणं घेत एका दमात त्याच्यापाशी पोचला, आणि बोलून उपयोग नाही हे बघून त्यानं साहेबाच्या पाठीवर हात ठेवून त्याला सरळ फळीवर पालथा पाडला. माझी थोबाडीत मारायची रीत त्यानं तेवढी गाळली. साहेबाचा एक बूट मात्र आमच्या चिखलाला मिळाला तो मिळालाच.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा आला. आम्हाला वाटलं आता काही तरी खटला होणार. पण त्याला फळी बघायची होती. त्यानं भावाला पाच-सहा वेळा काठावरून खाली सुटायला लावलं, खुंटांमधून वळायला लावलं, आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत बाशी बोलत बसला. त्यातून आम्हाला कळलं की उत्तरेत काश्मिरात गुलमर्ग म्हणून एक ठिकाण आहे. तिथं थंडीत डोंगर पांढरे होतात. गोरे लोक पायांना फळ्या बांधून त्या डोंगरांवरून खाली सुटतात आणि कोण आधी पोचतो यावर चांदीचे पेले लावतात. हा साहेबही दर वर्षी त्या शर्यतीत उतरायचा. विलायतेकडच्या डोंगरांत असल्या शर्यती मोठ्या जोरात चालतात, माणसं त्यासाठी वर्षभर तालीम करतात, असंही तो म्हणाला.

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्ये पन आपल्यासारकेच येडे हायेत, ताय."

साहेबानं त्याला आपल्याकडे कामाला मागितलं. फळ्या सांभाळायच्या, सामान वाहायचं, महिन्याला बांधलेला पगार. बा तयार झाला. आई रडली. भाऊ माझ्याकडे आला, कारण त्याचं शेवटचं विचारणं नेहमी माझ्याकडे असायचं. मी म्हटलं, "जा. इथं बोंबलांशिवाय काय बघनार तू?" तेव्हा तो वीस वर्षांचा होता. रेवसहून लाँचनं मुंबईला गेला तेव्हा धक्क्यावर मी एकटीच हसत होते.

आमच्या घरात अक्षरं दोघांनाच यायची. मी शाळेत चौथीपर्यंत गेले होते, तो दुसरीपर्यंत आणि तीही रडतखडत. त्याची पत्रं तो बोलायचा तशी असत. पत्र आलं की मी माहेरच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची. आईबा ऐकायचे, शेजारपाजारही यायचं.

"ताय, इथं घरां बर्फात बुडल्यात. वरच्या खिडकीतून आत जावा लागतं. फल्या दोन असतात, एकेका पायाला एक. पयल्या दिशी मी एकच घेतली न् गुडगा टेकून गेलो, तर समद्या मेमसाबा हसल्या. मग दोन बांधल्या. तीनदा पडलो. आता न्हाय पडत."

"ताय, शर्यतीला खुंटांच्या जागी झेंडे लावतात, तांबडे न् निले. दोन झेंड्यांच्या मधून जावा लागतं. येक चुकला का माणूस भायेर. मागं येऊन घ्यायचा न्हाय, आपलं बरं. छातीवर आकड्याचा फडका बांधतात. मेमसाबा पन धावतात, इजार घालून. येक दांडगी कर्नलीन हाय, ती बाप्यांना मागं टाकते. मला तुजी याद येते."

ते वाचताना सगळे हसले. मीही हसले, पण मला बरं वाटलं होतं.

फळ्यांच्या तळाला मेण लावतात. बर्फ ओला तर एक मेण, कोरडा तर दुसरं, आणि मेण चुकलं तर फळी हलत नाही. विलायतेत शर्यती धावून आलेला एक तरुण गोरा होता, त्याच्याकडे मेणांची पेटीच होती, तरी त्याचं चुकायचं. भाऊ मूठभर बर्फ हातात दाबून बघायचा आणि सांगायचा. जन्मभर चिखलात हात घातलेला माणूस तो, ओल किती आहे हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. लवकरच सगळे साहेब सकाळी त्याच्याकडे विचारायला येऊ लागले.

मग त्याला आणखी एक काम मिळालं. शर्यत सुरू व्हायच्या आधी एकानं वरून खाली जाऊन वाट धड आहे का, झेंडे बरोबर लागलेत का, हे बघायचं असतं. तो सगळ्यांच्या आधी जातो, पण त्याला मोजत नाहीत. एकदा साहेबानं गंमत म्हणून त्याच्यावर गुपचूप घड्याळ लावलं. त्या दिवशी ज्याला पेला मिळाला त्याला भावाहून जास्त वेळ लागला होता. भावानं लिहिलं, "साहेब कोनाला बोलला न्हाय. मला पन बोलू नको म्हनाला. मी तुला सांगतो हाय, तू गावात सांगू नको."

मी गावभर सांगितलं. नळ नव्हते आमच्याकडे, विहीर होती, तिथं उभी राहून सांगितलं. आणि त्याला उलट पत्र लिहिलं की त्या पेल्यावर तुझा हक्क आहे, तोंड उघड. तो तोंड उघडणारा नव्हता. पहिल्या हिवाळ्यानंतर शिमग्याला घरी आला तेव्हा डोक्यावर लोकरीची टोपी, पिशवीत अक्रोड. आमच्या चिखलात उतरला आणि इतक्या सहज नारळ घेऊन आला की बाकीचे काठावर नुसते उभे राहिले. या वेळी मी तो नारळ घेतला. ओल्या बोंबलाच्या कालवणात घातला आणि त्याला पोटभर जेवायला वाढलं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याचं पत्र आलं की साहेबाच्या मनानं घेतलं आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी नोकरांची आणि हमालांची वेगळी शर्यत होणार. त्यांना आकडे मिळणार, घड्याळ लावणार, आणि पहिल्याला लहानसा का होईना, पण चांदीचा पेला. काश्मिरी हमाल बर्फातच जन्मलेले, तरी सगळे भावाचंच नाव घेत होते. "पेला घेऊन शिमग्याला येतो. आयला सांग, त्यात देवाला दूध ठेवू."

त्याच पत्राच्या शेवटी त्यानं एक गोष्ट विचारली होती. ती मी मोठ्यानं वाचली नाही, कारण ती मला विचारलेली होती.

"ताय, वाट येका कड्याखालनं जाते. वरून कवा कवा बर्फ सुटतो. साहेब समद्यांना सांगतो, बर्फ आला तर हातपाय मारा, पवल्यासारकं करा, वर राहा. तू तर सांगितलंस धडपडायचं न्हाय. काय करू? तू म्हनशील तसं करीन."

हे पत्र आलं तेव्हा माझ्या लेकीला दात येत होते, ती तीन दिवस रडत होती, आणि सोललेल्या कोलंबीचे सोडे वाळत घातले होते तिथं कावळे बसत होते. मी रागातच लिहायला बसले. राग त्याच्यावर नव्हता. ज्या साहेबानं त्याला मोजलं नाही, त्याचा पेला दुसऱ्याला जाऊ दिला, तो आता माझ्या भावाला पडायचं कसं हे शिकवणार? आमच्या चिखलात बुटासकट रुतलेला माणूस? मी पाच-सहा ओळी लिहिल्या. पाकीट चिकटवून रेवसच्या लाँचवर जाणाऱ्या माणसाकडे दिलं आणि कावळे हाकलायला गेले. एकदाही मनात आलं नाही की बर्फ मी कधी पाहिलेला नाही.

शिमग्याला चार दिवस राहिले असताना तार आली. टपालवाल्यानं ओट्याशी उभं राहून तिचा अर्थ सांगितला. बर्फ कोसळला, त्यात गेला, तिथंच अग्नी दिला. आई त्याच्याकडे बघत राहिली. समुद्रात माणूस जातो हे आम्हाला माहीत होतं. त्याचं काय करायचं हेही माहीत होतं. किनाऱ्यावर जायचं, भरती-ओहोटी बघायची, वाट बघायची. बर्फाचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. "दर्या तरी परत देतो," ती म्हणाली. "त्यो बर्फ देत न्हाय का?"

महिन्याभरानं साहेब आला. त्यानं दोन्ही फळ्या कापडात गुंडाळून आणल्या होत्या. एक आकड्याचा फडका होता, भावाला शर्यतीसाठी मिळालेला, एकदाही न बांधलेला. साहेब आमच्या ओट्यावर जमिनीवर बसला आणि बाला सगळं सांगू लागला. शर्यतीच्या सकाळी भाऊ आणि तिघं हमाल झेंडे लावायला वर चालले होते. फळ्या खांद्यावर होत्या. वरून बर्फ सुटला. तिघांनी हातपाय मारले, तिघंही वर आले, खोकत, रडत, पण आले. भाऊ दोन तासांनी सापडला.

मग साहेबानं विचारलं, तुमचा मुलगा भित्रा होता का? कारण तो बर्फाखाली सापडला तेव्हा शांत पालथा पडलेला होता, फळी छातीखाली, दोन्ही हात पसरलेले. त्यानं काहीच केलं नव्हतं. मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं, साहेब म्हणाला. मग त्यानं हिंमत का सोडली?

बा ताठ झाला. "माजा पोर भित्रा न्हवता," तो म्हणाला. "बरोबर पडला व्हता त्यो. आमच्याकडं असंच पडतात."

आणि आईनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा थोडंसं समाधान दिसलं. "बाय, तू शिकवलंस तसाच पडला ग," ती म्हणाली. "शेवटपर्यंत तुजं ऐकलान त्यानं."

त्या क्षणी जमीन फाटली असती तर मी त्यात उतरले असते. पण पुढचं अजून व्हायचं होतं. साहेबानं कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. भावाच्या आतल्या खिशात सापडला म्हणाला, त्याला वाचता येत नव्हता म्हणून तसाच जपून आणला. घडीवर घडी पडून तो मऊ झाला होता. माझंच अक्षर.

"काय लिव्हलंय?" बानं विचारलं.

साहेबाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं. ते वाचून दाखवलं असतं तर साहेबाला कळलं असतं की माझ्या भावानं हिंमत सोडली नव्हती. त्याला बुडवणाऱ्या बर्फात, घाबरलेला असताना, आपल्या बहिणीचा शब्द आठवला होता आणि तो त्यानं पाळला होता. माझा भाऊ भित्रा नव्हता हे सिद्ध करायला मला फक्त सहा ओळी वाचायच्या होत्या. मी त्या वाचल्या नाहीत.

"घरची खुशाली," मी म्हटलं. "मीच लिव्हली व्हती."

"वाच," आई म्हणाली.

आणि मी कागदाकडे बघत, जे तिथं नव्हतं ते वाचलं. सगळे खुशाल आहेत. आई तुझी वाट बघते. बानं होडीला डांबर लावलं. मांजरीला तीन पिल्लं झाली. आईनं तुझ्यासाठी सोडे वाळवून ठेवलेत. अंगावर गरम घाल. पेला घेऊन शिमग्याला ये. त्यातली शेवटची ओळ तेवढी खरी होती. साहेब मान खाली घालून ऐकत होता. तो आपल्या मनात जे घेऊन आला होता तेच घेऊन परत गेला, की आपल्या पोऱ्यानं ऐन वेळी हात टेकले. मी त्याला तसं जाऊ दिलं.

आईनं तो कागद आकड्याच्या फडक्यात गुंडाळून देवाजवळ ठेवला. दर वर्षी शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, गावातली सगळी माणसं चिखलात शर्यत बघायला गेली की ती मला बोलावून घ्यायची आणि फडका सोडायची. "वाच." मी वाचायची. एका वर्षी माझ्या तोंडून दोन पिल्लं निघून गेली. आईनं लगेच टोकलं, "तीन. तीन लिव्हलंय." तिला ते सगळं पाठ झालं होतं. होडीचं डांबर, सोडे, मांजर, सगळं. बाहेरून शर्यतीचा ओरडा यायचा, आणि आम्ही दोघी चुलीसमोर बसून ते पत्र वाचायचो. बा पुढं दोन वर्षांनी गेला. त्याला मी सांगितलं नाही. आईला सांगायचं दर वर्षी ठरवायची आणि दर वर्षी तिचा चेहरा बघून मांजरीला तीन पिल्लं व्हायची.

विलायतेत मोठी लढाई सुरू झाल्याची बातमी लाँचवरून आली त्या दिवसांत आई अंथरुणाला खिळली. शिमगा लांब होता. एका दुपारी तिनं मला फडका आणायला सांगितला. "या वर्साचा शिमगा मला गावत न्हाय," ती म्हणाली. "आजच वाच."

मी तिच्या उशाशी बसले. मला कळलं की हे आता शेवटचं. ती त्याच्याकडे चालली होती, आणि मला तिला खोटं ऐकवून पाठवायचं नव्हतं. तो भेटला आणि त्यानं सगळं सांगितलं तर? असले विचार येत होते मला, आणि मला त्यांची लाज वाटत नाही. मी कागद उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते वाचलं.

"चिरंजीव भावास आशीर्वाद. साहेबाचं ऐकू नकोस. हातपाय मारून तो स्वतः आपल्या चिखलात कमरेपर्यंत गेला होता, विसरलास का? बर्फ काय आणि चिखल काय, धडपडणारा बुडतो. वरून काही आलं तर फळी छातीखाली घे, हात पसर आणि पडून राहा. तीनदा बोल. पेला घेऊन शिमग्याला ये."

मी तिच्या हातावर डोकं टेकलं आणि म्हटलं, "आय, त्यानं मला इचारलं व्हतं. मी सांगितलं म्हनून त्यो पडून रायला."

तिचे डोळे मिटलेलेच होते. मग तिनं हात माझ्या डोक्याखालून काढून घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय वाचतंस तू? ह्ये न्हाय त्यात," ती म्हणाली. "मांजरीचं कुठं गेलं? सोड्यांचं कुठं गेलं? तुला हितं दिसत न्हाय. दाराकडं जा बाय, उजेडात जाऊन नीट वाच."

मी उठले. दाराशी गेले, कागद उजेडात धरला, डोळे पुसले. भिंतीवरच्या फळ्या तिच्या उशाशी तशाच टांगलेल्या होत्या, तिनं रोज पुसून चकचकीत केलेल्या.

"सगळे खुशाल आहेत," मी वाचलं. "आई तुझी वाट बघते."

"व्हय," आई म्हणाली. "आता बरोबर."